इलेक्ट्रॉनिक्सकडे वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसे

पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांपुढे संध्याकाळी जी गर्दी होते, तिच्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांखेरीज आणखी कोण कोण असते, याकडे मी गेली काही वर्षे लक्ष देऊन पाहते आहे. हातात प्रकल्पाची यादी घेऊन आलेली मुले लगेच ओळखू येतात. त्यांच्या मागे मात्र एखादे पागोट्यातले शेतकरी आजोबा जळालेला रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) कागदात गुंडाळून उभे असतात, एखादा शिंपी असतो, एखादे निवृत्त शिक्षक असतात, आणि त्यांना काय हवे आहे हे त्यांना अगदी नेमके ठाऊक असते. मी स्वतः वाणिज्य शाखेची पदवीधर असून एका सहकारी संस्थेत हिशेब पाहते. इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदामुळे ज्यांच्याशी माझा स्नेह जुळला, त्यांतील बहुतेकांनी बारावीनंतर विज्ञानाचे पुस्तक उघडलेले नाही, आणि काहींची तर शाळाही पूर्ण झालेली नाही.

ही माणसे या छंदाकडे का वळतात, याचे उत्तर बहुधा ‘जिज्ञासा’ असे एका शब्दात दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माझ्या पाहण्यात असे आले आहे की यातील प्रत्येकाला स्वतःच्या कामातली एखादी अडचण पुरती माहीत होती, तिच्यावरचा उपाय कोणत्याही दुकानात तयार मिळत नव्हता, आणि तो आपणच करावा म्हणून त्याने सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाग देण्याची विजेवर तापणारी सळई, हातात घेतली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मूळ धंद्यात कमावलेली नजर, कान किंवा हात तो सोबत घेऊन आला, आणि सर्किटच्या कामात त्याची ही शिदोरी पदवीइतकीच उपयोगी पडली.

महाराष्ट्रात या छंदाचा दरवाजा बहुतेकांसाठी गणपतीने उघडला आहे. घरच्या आणि मंडळाच्या आरासीत पळते दिवे असावेत, या एका इच्छेपायी किती मुलांनी पहिला जोड दिला असेल, याची गणती करणे अशक्य आहे. त्या दिव्यांचे सर्किट आजही तेच आहे. हान्स कामेनझिंड या स्विस वंशाच्या अभियंत्याने १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी आराखडा केलेली आणि १९७२ मध्ये बाजारात आलेली ५५५ ही टायमर आयसी (लहानशी चिप) ठरावीक वेळाने ठोके देते. ४०१७ ही दुसरी आयसी ते ठोके मोजते आणि प्रत्येक ठोक्याला दिव्यांसाठी असलेल्या आपल्या दहा पायांपैकी पुढच्या पायावर वीज देते. ५५५ ला १ किलोओहमचा रेझिस्टर, १०० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) आणि १० मायक्रोफॅरडचा, वीज साठवणारा कंडेन्सर लावला, तर प्रीसेट पूर्ण वाढवल्यावर सुमारे १.४ सेकंदांनी दिवा पुढे सरकतो, आणि तोच प्रीसेट १० किलोओहमपर्यंत उतरवला की सेकंदाला जवळजवळ सात टप्पे पडतात. ४०१७ चे पाय मात्र ओळीने नाहीत. पहिला दिवा तिसऱ्या पायावर, दुसरा दुसऱ्यावर, तिसरा चौथ्यावर, चौथा सातव्यावर आणि पाचवा दहाव्यावर, असा तो क्रम आहे. चारच माळा पळवायच्या असतील तर हा दहावा पाय पंधराव्याला, म्हणजे रीसेटला जोडायचा, की पाचव्याची पाळी येताच मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ज्याने हे एकदा हाताने केले, त्याला ‘मोजणारे सर्किट’ म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच आरासीतली एक बाब मला काळजीची वाटते, म्हणून येथेच लिहिते. माळा थेट २३० व्होल्टवर चालवताना ट्रान्सफॉर्मर वाचवण्यासाठी एका कंडेन्सरने व्होल्टेज उतरवणारी सर्किटे सर्रास वापरली जातात. त्यांत सर्किटचा प्रत्येक भाग घरातल्या विजेला जोडलेला राहतो, आणि ओल्या हाताने किंवा मखराच्या पत्र्याला लागून झटका बसू शकतो. ५५५ आणि ४०१७ साठी लहान ट्रान्सफॉर्मर किंवा चांगला अडॅप्टर घ्यावा, आणि माळा चालवणाऱ्या ट्रायक या इलेक्ट्रॉनिक स्विचला ठोका एमओसी ३०२१ सारख्या ऑप्टोकप्लरमधून द्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंमध्ये फक्त प्रकाशाचा संबंध उरतो. हा खर्च थोडा आहे आणि तो टाळू नये.

पळत्या दिव्यांनंतर पूर्वी पुढची पायरी असे ती अॅम्प्लिफायरची. एलए ४४४० ही आयसी, तिची उष्णता काढून घेणारा एक हीटसिंक, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि लाकडी खोक्यात बसवलेले दोन स्पीकर, एवढ्या सामानावर गावोगावी टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या मुलांनी आपला धंदा उभा केला. त्यांच्यातले पुष्कळ जण दहावीला अडलेले होते. १९८० च्या दशकापर्यंत साधा रेडिओ घरात ठेवायचा तरी पोस्टातून परवाना काढावा लागे, हे लक्षात घेतले, म्हणजे त्या पिढीला ही विद्या किती आडवळणाने मिळवावी लागली याची कल्पना येते.

शेतकऱ्याचे उदाहरण मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझे म्हणणे त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. सांगली जिल्ह्यातले माझे एक परिचित ऊस करतात. त्यांची मोटर नदीकाठी, घरापासून बरीच लांब आहे, आणि शेतीला थ्री-फेज वीज आलटून-पालटून दिवसा व रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत मोटर सुरू करायला बांधावरून, चिखलातून, सापाकिरड्यांच्या भीतीत जावे लागे. आज मोबाइलवर चालणारे स्टार्टर विकत मिळतात, पण त्यांनी हे काम हाती घेतले तेव्हा ते सहजी मिळत नव्हते. त्यांनी एक जुना, बटणांचा मोबाइल स्टार्टरच्या पेटीत ठेवला आणि आलेला फोन आपोआप उचलला जाईल अशी त्याची सोय केली. इअरफोनची तार त्यांनी एमटी ८८७० या आयसीला जोडली.

फोनचे बटण दाबल्यावर जो आवाज येतो, त्यात दोन सूर एकत्र असतात. १ दाबला तर ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे, ५ दाबला तर ७७० आणि १३३६ हर्ट्झचे. ही आयसी ते दोन सूर ओळखते आणि कोणते बटण दाबले गेले ते चार तारांवर आकड्यात मांडते. तिच्या घड्याळासाठी ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो. हा विचित्र आकडा अमेरिकेच्या रंगीत टीव्हीतून आलेला आहे. तिथे तो क्रिस्टल लाखोंनी बनत असल्यामुळे स्वस्त होता, म्हणून इतर कामांतही वापरला जाऊ लागला. पुढचा भाग आमच्या परिचितांना कोणी शिकवावा लागला नाही. स्टार्टरचे हिरवे बटण दाबल्यावर जोड होतो आणि लाल बटण दाबल्यावर जोड तुटतो, हे ते बटण आयुष्यभर दाबत आल्यामुळे त्यांना पाठ होते. म्हणून एका रिलेचा उघडा राहणारा जोड त्यांनी हिरव्या बटणाला समांतर लावला आणि दुसऱ्या रिलेचा बंद राहणारा जोड लाल बटणाच्या ओळीत घातला. मूळ बटणे तशीच राहिली, त्यामुळे फोन बंद पडला तरी हाताने मोटर चालवता येते. चुकीच्या नंबरने आलेल्या फोनने मोटर सुरू होऊ नये, म्हणून ठरावीक बटणे ठरावीक क्रमाने दाबल्याशिवाय रिले उचलणार नाही, अशी व्यवस्थाही त्यांनी मागाहून केली.

यापुढची गोष्ट त्यांच्यासारख्या माणसालाच सुचू शकते, असे मला मनापासून वाटते. गावात बहुतेक मोटरींना ऑटो स्विच लावलेला असतो, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. थ्री-फेज मोटर थेट सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. रात्री वीज आल्याबरोबर एका डीपीवरच्या, म्हणजे विजेच्या रोहित्रावरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर सगळा भार त्या डीपीवर येतो, ती जळते, आणि मग ऐन उन्हाळ्यात नवी डीपी येईपर्यंत ऊस वाळतो. हे दुःख त्यांनी भोगलेले होते. त्यांनी ५५५ वर आधारलेला उशिराचा टायमर बनवला, शेजाऱ्यांना गोळा करून तो प्रत्येकाच्या पेटीत बसवला, आणि एकाची मोटर अर्ध्या मिनिटाने, दुसऱ्याची एका मिनिटाने, तिसऱ्याची दीड मिनिटाने अशा वेळा ठरवून दिल्या. टायमरचे सर्किट कोणत्याही विद्यार्थ्याला जमेल असे आहे. मात्र बिघाड डीपीच्या जागी नसून सर्वांच्या एकाच वेळी सुरू होण्यात आहे, आणि त्यावरचा इलाज एका पेटीत होणार नसून सगळ्या बांधांवर मिळून करावा लागेल, हे जाणायला त्या रानात राहावे लागते. तयार स्टार्टर बाजारात आल्यानंतरही त्यांनी आपला बदलला नाही. बिघडला तर तो आपल्याला उघडता येतो, एवढेच कारण त्यांनी मला सांगितले.

हा छंद असलेल्या आमच्या गटात एक सोनार आहेत. त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगते. आजच्या बोर्डांवरचे पुष्कळसे रेझिस्टर १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतात, आणि ते हाताने बसवताना इंजिनिअर मुलांचेही हात थरथरतात. या गृहस्थांना चिमटा आणि डोळ्याला लावायचे भिंग लहानपणापासून सरावाचे असल्याने ते काम त्यांना अवघड गेले नाही. त्याहून मोलाचे असे की जोड तापवावा आणि जोडणारा धातू उष्णतेकडे आपणहून धावू द्यावा, हे तत्त्व त्यांना आधीच ठाऊक होते. सोन्याचा जोड झाळताना ते सवागी लावतात आणि येथे राळ असते. सोन्याला फुंकणीची ज्योत लागते, तर ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली तार १८३ अंशांवर वितळते. बाकी हाताची रीत एकच. नवीन मुले तार सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळवून तो थेंब जोडावर ठेवतात आणि जोड कच्चा राहतो. आमच्याकडे सोल्डरिंग शिकवण्याचे काम आता त्यांच्याकडेच दिलेले आहे.

कानाची गोष्ट याहूनही मला आवडते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि पेट्यांचे सूर जुळवून देतात. सूर जुळवताना पितळी पातीचे टोक किंचित घासले की सूर चढतो आणि बुडाकडे घासले की उतरतो. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात एक संथ लहर ऐकू येते, आणि ती लहर मंदावत मंदावत नाहीशी झाली की सूर मिळाले असे समजायचे. रेडिओच्या कामात दोन ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर निर्माण करणारी सर्किटे, एकमेकांशी जुळवताना नेमके हेच करतात आणि त्याला झिरो बीट म्हणतात. काकांनी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांना त्यात शिकण्यासारखे काहीच उरलेले नव्हते.

मंडळाच्या अॅम्प्लिफायरमध्ये घरघर येऊ लागली तर काका मीटर लावण्याआधी नुसते ऐकतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, परंतु एसीची डीसी करणाऱ्या चार डायोडच्या ब्रिजमधून गेल्यावर तिची लहर सेकंदाला १०० वेळा येते, म्हणजे संगीताच्या हिशेबाने बरोबर एक सप्तक वर. फिल्टरचा मोठा कंडेन्सर वाळला असेल तर ती वरच्या सप्तकातली घरघर ऐकू येते. आणि माइकच्या तारेची जाळी तुटली असेल किंवा अर्थिंगचा घोळ असेल तर खालची, ५० हर्ट्झची. काका एका क्षणात सांगतात की अॅम्प्लिफायर उघडा किंवा तार बदला. गळ्याने आणि पेटीने तयार झालेला कान दुरुस्तीच्या टेबलावर असा कामाला येतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि असा अंदाज करता यावा म्हणून मी स्वतः अजून धडपडते आहे.

एका कलेतली रीत दुसरीकडे नेण्याचे याहून मोठे उदाहरण इतिहासात आहे. हेडी लमार या हॉलिवूडच्या अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हे संगीतकार, या दोघांनी मिळून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेडिओने चालवायच्या टॉर्पेडोसाठी एक युक्ती शोधली. शत्रूने संदेश बुजवू नये म्हणून पाठवणारा आणि घेणारा या दोघांनी एकाच वेळी, एकाच क्रमाने फ्रिक्वेन्सी बदलत राहायच्या, ही त्यातली कल्पना होती. आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा मेळ घालण्याचा अनुभव अँथाइल यांना होता, म्हणून हा क्रम भोके पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर नोंदवायचे ठरले, आणि फ्रिक्वेन्सींची संख्या पियानोच्या पट्ट्यांइतकी, म्हणजे ८८ ठेवली गेली. ११ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. नौदलाने त्या वेळी ते वापरले नाही. मात्र फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याचे तत्त्व पुढे रेडिओ दळणवळणात रुजले आणि ब्लूटूथमध्ये ते आज रोज वापरले जाते.

इलेक्ट्रॉनिक्सवर लिहिणारे अमेरिकन लेखक फॉरेस्ट मिम्स यांचे नाव भारतातल्या जुन्या छांदिष्टांनाही परिचित आहे. त्यांनी पदवी घेतली ती शासनव्यवहार या विषयाची. एड रॉबर्ट्स यांच्यासोबत ज्या कंपनीची त्यांनी १९६९ मध्ये उभारणी केली, तिनेच पुढे, मिम्स बाहेर पडल्यानंतर, १९७५ मध्ये अल्टेअर ८८०० हा हाताने जुळवायचा संगणक बाजारात आणला. मला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे वाटते. टेक्ससमधल्या आपल्या घराजवळ ते स्वतः बनवलेल्या उपकरणाने वातावरणातला ओझोन नियमितपणे मोजत असत. त्यांचे आकडे आणि निंबस-७ या उपग्रहावरच्या उपकरणाचे आकडे यांच्यात फरक पडू लागला. त्यांनी तो निदर्शनास आणून दिला, आणि उपग्रहाच्या मोजणीतच बदल होत गेला होता, असे पुढे निष्पन्न झाले. १९९३ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

एलईडी प्रकाश देतो तसा प्रकाश ओळखूही शकतो, या गुणाचा मिम्स यांनी पुरेपूर उपयोग केला. कोणीही घरी हे करून पाहू शकतो. पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणाचा एक लाल एलईडी घ्यावा, त्याचे दोन पाय मल्टिमीटरला जोडावेत आणि तो सूर्याकडे धरावा. मीटरवर एक व्होल्टाहून अधिक आकडा दिसतो. मग घरात, पडदे ओढून, एका हिरव्या एलईडीवर पेटलेल्या लाल एलईडीचा प्रकाश पाडावा. आकडा जवळजवळ हलत नाही. आता उलट करून लाल एलईडीवर हिरवा प्रकाश पाडला की आकडा वर जातो. प्रत्येक एलईडी ज्या रंगाचा प्रकाश देतो, साधारण त्याच किंवा त्याहून थोड्या अधिक ऊर्जेच्या प्रकाशाला ओळखतो, आणि म्हणून महागड्या रंगीत फिल्टरशिवाय एका ठरावीक पट्ट्यातला सूर्यप्रकाश त्याने मोजता येतो. हवेतली धूळ आणि धूर मोजण्याची साधने मिम्स यांनी याच तत्त्वावर केली. साखर कारखान्याच्या हंगामात, उसाचे पाचट पेटवले जाते त्या दिवसांत, आमच्या एका शाळामास्तर मित्राने आपल्या विद्यार्थ्यांकडून असे साधन करून घेतले. मुलांनी वहीत लिहिलेले आकडे मी पाहिले आहेत, आणि त्या वहीत भूगोल, भौतिकशास्त्र व स्वतःचे गाव एकत्र आलेले पाहून मला फार समाधान वाटले.

अशी माणसे आज पूर्वीपेक्षा अधिक दिसतात, याचे मोठे श्रेय अर्डुइनो या प्रोग्राम लिहून चालवायच्या छोट्या बोर्डला आहे. इटलीतल्या इव्रेया या गावात, ऑलिव्हेटीच्या टाइपरायटरमुळे प्रसिद्ध झालेल्या ठिकाणी, एका संकल्पन (डिझाइन) संस्थेत २००५ मध्ये हा बोर्ड तयार झाला. तो करणाऱ्यांपुढे संकल्पनाचे विद्यार्थी होते, म्हणजे ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सची पार्श्वभूमी नव्हती आणि तरीही आपल्या वस्तूला हलवायचे, उजळवायचे, बोलते करायचे होते. त्याआधी तेथेच हर्नांडो बारागान या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी वायरिंग हा बोर्ड केला होता, आणि अर्डुइनो त्याच पायावर उभा राहिला. पुढे २००७ मध्ये लिआ बुकली यांचा लिलीपॅड हा गोल, शिवता येणारा बोर्ड आला. त्याच्या कडेच्या भोकांतून वीज वाहून नेणाऱ्या दोऱ्याने टाके घालायचे असतात. ज्यांनी आयुष्यभर ब्लाउज शिवले त्या बाईंना तो बोर्ड दिला, तेव्हा त्यांनी पहिल्याच बैठकीत मला विचारले की दोन दोरे कापडाच्या एकाच बाजूने गेले तर ते एकमेकांना लागतील, मग एक अस्तरातून का नेऊ नये. दुहेरी पीसीबीचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी विजेचे मार्ग असलेल्या छापील बोर्डाचा, सगळा विचार या प्रश्नात आहे.

तयार मॉड्यूल आणि तयार प्रोग्राम जोडणाऱ्यांना खरे इलेक्ट्रॉनिक्स येत नाही, अशी तक्रार जुन्या मंडळींकडून ऐकू येते. मला ती अर्धीच पटते. मॉड्यूल जोडून ज्याचे काम झाले आहे त्याच्यावर ओहमचा नियम लादू नये. परंतु एलईडीला रेझिस्टर का लावायचा, रिलेच्या कॉइलला उलटा डायोड का लागतो, आणि तो नसला तर ट्रान्झिस्टर का जातो, हे कळल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही, आणि ज्याला दुरुस्ती करता येत नाही त्याचे सर्किट पहिल्याच पावसाळ्यात अडगळीत जाते. माझा अनुभव असा की हे प्रश्न ज्याच्या-त्याच्या वेळी आपणहून उभे राहतात. त्या वेळी उत्तर द्यायला शेजारी कोणी असले पाहिजे.

अडचण तेथेच आहे. सुट्या भागांची माहितीपत्रके इंग्रजीत असतात, शिकवण्या मोठ्या शहरांत असतात, आणि दुकानात दोन रुपयांचे बीसी ५४७ ट्रान्झिस्टर मागायला गेलेल्या बाईला ‘मॅडम, कोणासाठी हवंय?’ असे अजूनही विचारले जाते. एका दुकानात मी यादी पुढे केली असता दुकानदाराने ती माझ्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी मुलाला दाखवून खात्री करून घेतली. याउलट त्याच गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात १०४ लिहिलेला कंडेन्सर म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, हे मला एका वृद्ध दुकानदारांनी गर्दीच्या वेळी कागदावर लिहून समजावले होते: पहिले दोन आकडे तसेच, मग तिसऱ्या आकड्याइतकी शून्ये, आणि उत्तर पिकोफॅरडमध्ये.

ज्यांना घर सोडून शिकायला जाता येते त्यांच्यासाठी पाबळचे विज्ञान आश्रम हे मला सर्वांत आदराचे ठिकाण वाटते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उद्योगातले संशोधन सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या गावी ते सुरू केले, आणि शाळेतून गळालेल्या मुलांना हाताने काम करत शिकवण्याचा मार्ग धरला. २००२ मध्ये तेथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक होती, आणि ती एका खेड्यात होती.

घरी राहून शिकायचे असेल तर हौशी रेडिओचा (हॅम), म्हणजे स्वतःचे केंद्र चालवून रेडिओवर बोलण्याचा, परवाना हा चांगला रस्ता आहे. त्यासाठी वयाची बारा वर्षे पूर्ण असावी लागतात, पदवीची अट नाही, आणि रेडिओचे तत्त्व व नियम या दोन विषयांची परीक्षा असते. खालच्या श्रेणीसाठी मोर्स ही टिंब-रेषांची सांकेतिक लिपी यावी लागत नाही. परीक्षेच्या निमित्ताने अँटेना, ऑसिलेटर, फिल्टर यांचा क्रमवार अभ्यास होतो. या छंदाचा समाजाला काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना मी भारती प्रसाद यांचे नाव सांगते. डिसेंबर २००४ मध्ये त्या पोर्ट ब्लेअरला हौशी रेडिओ केंद्र चालवत होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि त्यांच्या केंद्रावरून अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचू लागली.

आमच्या गटात सर्वांत अलीकडे आलेल्या बाई निवृत्त परिचारिका आहेत. सलाइन संपत आलेले वेळेवर कळावे, एवढेच त्यांना हवे होते. त्या पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मुलांनी त्यांना बाटलीचे वजन मोजणारा सेन्सर सुचवला. बाईंनी शांतपणे सांगितले की बाटलीचे वजन शेवटी कळते, पण थेंब अडले किंवा वाढले तर ते आधी कळायला हवे, आणि पाठोपाठ हिशेब मांडला: एका मिलिलिटरला २० थेंबांच्या सेटमधून ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचे, तर मिनिटाला २१ थेंब. म्हणून आता थेंब पडतो त्या नळीच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि समोर तो प्रकाश ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर आहे. खिडकीतले ऊन लागले की मोजणी चुकते, कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असते. त्यावर काळ्या कागदाचे वेष्टन करून पाहिले, तेव्हा चूक कमी झाली, पण बाईंना थेंब डोळ्यांनी दिसला पाहिजे, आणि कागदाने तो झाकला गेला. सध्या एलईडी सेकंदाला हजारो वेळा लुकलुकवून फक्त तेवढीच लुकलुक ओळखणारे सर्किट ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता जुळवणी करून पाहण्याच्या पाटीवर, आहे. हे साधन रुग्णाला लावायचे नाही, परिचर्येच्या विद्यार्थिनींना थेंबांचा वेग शिकवण्यासाठीच ते वापरायचे, असे त्यांनी स्वतः ठरवले आहे. फिल्टरच्या रेझिस्टरचे मूल्य (ओहममधला आकडा) या आठवड्यात बदलून पाहायचे आहे. त्याचे गणित त्यांनी मला करायला दिले आहे.